तांबडा स्वेटर

कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी मी हे सांगत होतो, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांच्या नाकातून चहा आला आणि त्यांच्या बायकोनं दोष मला दिला. तुम्ही म्हणाल, एवढी फजिती झाली तर गपचूप गिळून टाकावी की, सांगत कशाला फिरता? अहो, माझी फजिती चार माणसांनी खांद्यावर घेऊन भर गावातून मिरवली. ती लपवू कुठं?

तर मी रेल्वेत होतो. पुणे-लोणावळा लायनीवरच्या एका फाटकावर तीस वर्षं गेटमन. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. गाडी यायची झाली की फाटक पाडायचं, खोपीबाहेर उभं राहून हिरवी झेंडी धरायची, गाडी गेली की फाटक उघडायचं. काही बिघडलंच तर लाल. मला ते काम आवडायचं, खोटं कशाला बोलू? दोन गाड्यांच्या मधे जी शांतता असते ना, तिच्यात मी मनानं कुठं कुठं जाऊन यायचो. बायको म्हणते, तुम्ही ड्युटीवर असताना घरी नव्हता आणि घरी असतानाही नव्हता.

माझी मुलगी वैशाली पवनेच्या धरणापलीकडच्या एका गावात दिलीय. व्याही बबनराव, शेतकरी माणूस, दारात जीप, आवाज मोठा. मनानं चांगला, पण जिभेला आवर नाही. दिवाळीला त्यांच्याकडं गेलो होतो. पंक्तीत सगळ्यांसमोर म्हणाले, "पाव्हणं, तुमी जलमभर गाड्या जाताना बघितल्या. सोता कुटं गेलाच न्हाई."

सगळे हसले. वैशालीही हसली आणि मग तिनं मान खाली घातली. ती मान मला लागली. बबनरावांचं बोलणं मी तिथंच सोडलं असतं, पण पोरीची मान घरापर्यंत माझ्याबरोबर आली.

निघताना मी जाहीर केलं. जानेवारीत नातवाचा पहिला वाढदिवस आहे, त्या दिवशी मी जीपनं येणार नाही. धरणाच्या भिंतीपासून पाण्याच्या काठाकाठानं चालत येईन. पाणी आडवं येईल तेवढ्यापुरती होडी. दिवस मावळायच्या आत तुमच्या अंगणात माझ्या पायांनी उभा राहीन.

"आलात तर गळ्यात हार घालीन," बबनराव म्हणाले. वैशाली मात्र अंगणाच्या फाटकापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, नक्की या हं चालत."

आता सांगा, यानंतर माणूस माघार घेईल का?

त्या दिवशी बायको नातवाचे कपडे, खाऊ असं सगळं घेऊन सकाळच्या एसटीनं जाणार होती. मला पहाटे निघताना तिनं स्वतः विणलेला स्वेटर घातला. लालभडक. मी म्हटलं, या वयात हा रंग? ती म्हणाली, "म्हणजे दुरून दिसाल. तुमचा काय भरवसा." बघा, सगळं तिलाच आधी कळलेलं असतं.

उजाडताना मी पाण्याच्या काठाला लागलो. आपल्या मावळात समुद्र नाही हे मलाही माहीत आहे. पण जानेवारीत पहाटे धरणाच्या पाण्यावर धुकं बसलेलं असतं तेव्हा पलीकडचा काठ दिसतच नाही. मग ते किती मोठं आहे ते आपणच ठरवायचं. मी समुद्र ठरवला. पाणी जरा उतरलं होतं, त्यामुळं काठाला ओलसर मातीचा पट्टा मोकळा पडला होता आणि त्यात बारके शिंपले. पर्यटकांचे तंबू ओळीनं उभे, आत सगळे घोरत. मी त्यांच्या दोऱ्यांमधून पाय उचलून उचलून चाललो. मला कुठल्याही गाडीची वेळ पाळायची नव्हती, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ते पायांना कळत होतं.

तास-दीड तासानं पाणी आडवं आलं. धरणाचा एक फाटा डोंगरात शिरला होता. काठाला एक होडी आणि होडीत हिरामण. पलीकडच्या वाडीचा माणूस, चाळिशीचा, सकाळी वाडीतलं दूध अलीकडं पोचवून परत निघालेला.

"कुटं निगालात, भाऊ?"

मी बबनरावांचं नाव सांगितलं, ते माझे व्याही आहेत तेही सांगितलं.

"अवं, मंग सरळ आमच्या वाडीला सोडतो की. तितनं अर्ध्या तासावर त्यांचं गाव."

"नको. मला समोरच्या डोंगराच्या सोंडेवर सोडा. तिथून कड्याच्या वाटेनं मी चालत पुढच्या धक्क्यावर येतो. मग तिथून तुमच्या वाडीला न्या."

"कशापायी एवढा वळसा?"

"चालायचंय."

तंबूवाल्यांकडं बघतो तसं त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बसा."

पाण्याच्या मधोमध आल्यावर त्यानं वल्ही थांबवली. "हितं खाली आमच्या आज्याचं घर हाय."

"कुठं?"

"हितंच. आपन आता अंगनावर हाय."

झालं. मी वाकून पाण्यात बघत बसलो. धरण झालं तेव्हा गावं बुडाली हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आपण कुणाच्या तरी अंगणावरून चाललोय हे असं कुणी सांगत नाही. मला ते घर दिसायला लागलं. ओटा, ओट्यावर जातं, दारातून एक मासा आत गेला आणि माजघरातून फिरून खिडकीतून बाहेर आला. तुळशीपाशी म्हातारा बसलाय आणि वर बघतोय, आज कुणाची होडी गेली म्हणून.

हिरामण काहीतरी सांगत होता. काठी, फडकी, पत्र्याचा डबा, असं कायकाय कानावर येत होतं. मी मधेमधे हो हो म्हणत होतो. या बाबतीत माझी सवय पक्की आहे, बायकोला विचारा.

"ध्यानात ऱ्हाईल न्हवं, भाऊ?" त्यानं शेवटी विचारलं.

"राहील की," मी म्हटलं. तो मासा तेव्हा चुलीपाशी होता.

सोंडेवर उतरलो आणि कड्याच्या वाटेला लागलो. ती वाट मी जन्मात विसरणार नाही. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाली पाणी, इतकं निळं की डोळे मिटले तरी दिसावं. धुकं वर उठत होतं आणि तुंगचा किल्ला त्यातून थोडा थोडा बाहेर येत होता. गुडघा कुरकुरला, त्याला मी म्हटलं, गप, हार घालून घ्यायचाय. मला फार, फार बरं वाटत होतं. वैशाली लहान असताना फाटकावर डबा घेऊन यायची आणि विचारायची, पप्पा, ही गाडी कुठं जाते? मी गावांची नावं सांगायचो. मग ती विचारायची, तुम्ही गेलाय तिथं? त्याचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला कडा संपून वाट खाली धक्क्याकडं उतरली. तिथं दोन बदकं पोहत होती. ती जवळून बघावीत म्हणून मी दगडावरून पलीकडच्या मातीवर पाय ठेवला. वरून ती वाळलेली दिसत होती. आतून चिखल. गुडघ्यापर्यंत गेलो, तोल गेला आणि हात पुढं करून उताणा नव्हे, पालथा पडलो. बदकं उडून गेली.

पँट पाण्यात खंगाळून तशीच अंगावर चढवली, शर्ट गवतावर पसरला. पण तो लोकरीचा स्वेटर? नातवाच्या वाढदिवसाला मी चिखलाचा स्वेटर घालून गेलो असतो तर बायकोनं मला बाहेरच उभं केलं असतं. मी तो स्वच्छ धुतला, पिळला आणि वाळत घालायला जागा बघू लागलो.

आणि धक्क्यावर, देवानं माझ्यासाठीच रोवल्यासारखा, एक उंच बांबू उभा. त्याला वरपर्यंत ओढायची दोरी. खाली एक पत्र्याचा डबा. डब्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. मला फक्त एवढं दिसलं की वर वारा चांगला आहे आणि ऊन पण आहे.

मी स्वेटरच्या दोन्ही बाह्या दोरीला बांधल्या आणि वर चढवला. काय फडकत होता. गाठ अशी पक्की मारली की आमच्या साहेबांनी शाबासकी दिली असती. तीस वर्षांचे हात, आपोआप चालले. डोकं तेवढं बरोबर नव्हतं.

मग भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. जांभळीच्या सावलीत बनियनवर आडवा झालो. हिरामण येईल तेव्हा येईल. मोबाईलला रेंज नव्हती आणि मला ती नकोही होती. पाणी दगडावर हळूहळू आपटत होतं. स्वप्नात एक लांबच लांब मालगाडी पाण्याखालून, त्या बुडालेल्या घरांच्या मधून चालली होती आणि मी हिरामणच्या आज्याबरोबर ओट्यावर बसून तिला हिरवी झेंडी दाखवत होतो.

जागा झालो तो कांद्याच्या वासानं. नाकाला कुणीतरी फोडलेला कांदा लावला होता. डोळे उघडले तर वर चार तोंडं. एक हिरामणचं. एक म्हाताऱ्या बाईचं, तिच्या हाताला ओलं पीठ. बाकी दोघे गडी, त्यातल्या एकाच्या एका गालावर साबणाचा फेस तसाच. दाढी अर्धी टाकून आला होता. सगळ्यांना धाप लागलेली.

"डोळं उगाडलं," फेसवाला म्हणाला.

"सरका, वारा येऊ द्या," म्हातारी म्हणाली. ती बायजामावशी. वाडीत कुणाला काही झालं की आधी तीच. "काय हुतंय, बाबा? कुटं दुकतंय?"

मी उठून बसायला लागलो तर हिरामणनं मला दाबून परत आडवं केलं. त्यांच्या मागं होडीत एक घोंगडी आणि जाड बांबू दिसला. झोळी. आजाऱ्याला न्यायची झोळी. मला काही उमगेना, पण एवढं कळलं की ही माणसं हातातलं सोडून जिवाच्या आकांतानं आलीत आणि माझ्यासाठीच आलीत. अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणेल? मला काही झालेलं नाही, मी झोपलो होतो. पण मावशीच्या हाताचं ते पीठ बघून माझी जीभ रेटेना.

"गुडघा," मी म्हटलं. सगळ्यात स्वस्त दुखणं काढलं.

"गुडघ्यापायी तांबडं लावलं व्हय?" मावशी म्हणाली.

तांबडं? मी वर बघितलं. स्वेटर दोन्ही हात पसरून डुलत होता.

"आणि जरा चक्कर," मी घाईनं म्हटलं.

"चक्कर." मावशीनं हिरामणकडं बघितलं. "छातीत काय?"

"थोडंसं," मी म्हटलं. हे मी का म्हटलं, ते आजही मला सांगता येत नाही.

त्यानंतर मला बोलायची संधीच मिळाली नाही. घोंगडी पसरली, मला तिच्यात गुंडाळलं, बांबूला बांधलं आणि होडीत ठेवलं. स्वेटरही कुणीतरी सोडून घेतला आणि बांबूवरच टाकला. वल्ही जोरात पडायला लागली.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो, बायकोला सांगू नका. मला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि तरी ते सुख होतं. पाठीवर पडून पाण्यावरून जायचं. वर नुसतं आभाळ, त्यात एक घार, कानाशी पाण्याचा आवाज. मी आयुष्यभर उभं राहून दुसऱ्यांना जाताना बघितलं होतं आणि आज मी जात होतो. बांधलेला होतो, पण जात होतो. कदाचित त्या अंगणावरूनच.

"भाऊ, घाबरू नका," हिरामण वल्हवता वल्हवता म्हणाला. "बरं झालं सकाळीच समदं सांगून ठेवलं हुतं तुमाला."

"काय सांगितलं होतं?"

"आसं काय करताय? डब्यात दोन फडकी हायेत. पांढरं लावलं तर नुस्तं पाशिंजर, म्या सवडीनं येतो. तांबडं लावलं तर जिवावरचं. मंग वाडीत ज्येला दिसंल त्यानं हातातलं टाकून पळायचं. त्ये कुनी उगाच लावत न्हाई. लय दिसांनी लागलं आज. पन डब्यातलं न्हाई वापरलं तुमी, सोताचं लावलं. डबा उगडायचीबी ताकद नसंल ऱ्हायली."

घार वरून निघून गेली. मी आभाळाकडं बघत पडून राहिलो. लाल आणि पांढरं. तीस वर्षं, ऐकताय ना, तीस वर्षं मी ज्याच्यावर पगार घेतला त्यातलं अर्धं हेच होतं.

"कामाला कुटं हुता तुमी?" हिरामणनं विचारलं. मला बोलतं ठेवायचं म्हणून असेल.

माझ्या तोंडून पटकन निघालं, "पोस्टात."

"चांगली नोकरी," तो म्हणाला.

वाडीला लागल्यावर मी म्हटलं, आता बरं वाटतंय, चालतो. मावशीनं ऐकलं नाही. दवाखान्यात न्यायचं तर जीप हवी, जीप बबनभाऊंकडं, आणि बबनभाऊ तर माझेच व्याही. वाडीतला आणखी एक गडी आला, चौघांनी झोळी उचलली आणि मावशी बाजूनं चालत निघाली. फेसवाल्याचा फेस एव्हाना गालावर वाळला होता. अर्धा तास माझ्या डोळ्यांपुढं त्याची पाठ आणि बांबूवरून लोंबणारी स्वेटरची बाही. प्रत्येक वळणावर मी ठरवलं, आता सांगतो. प्रत्येक वळणावर कुणीतरी खांदा बदलला आणि विचारलं, "हादरे न्हाई ना बसत, भाऊ?"

बबनरावांच्या अंगणात मांडव घातला होता. फुगे लावले होते. मधोमध खुर्चीवर झेंडूचा हार ठेवलेला. अर्धं गाव जमलं होतं आणि सगळ्यांचे डोळे वाटेकडं, कारण बबनरावांनी पैज सगळ्यांना सांगितली होती.

त्या वाटेनं मी आलो. चार खांद्यांवर.

वैशाली धावत आली. कडेवरचं पोर तिनं वाटेत कुणाच्या तरी हातात दिलं, पायात चप्पल नाही. "पप्पा," एवढंच म्हणाली आणि झोळीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून रडायला लागली. बबनरावांचा चेहरा पांढरा पडला होता. "माज्या बोलण्यापायी झालं," ते म्हणाले, "म्या उगा बोललो," आणि जीपची किल्ली शोधायला लागले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, आणि किल्ली सापडेना.

मला ते सहन होईना. माणसाला लाज वाटते तोपर्यंत तो खोटं बोलतो, पण पोरगी रडायला लागली की लाजेचं काही चालत नाही.

"मला काही झालेलं नाही," मी घोंगडीतून म्हटलं. "वैशू, रडू नको. मला काहीसुद्धा झालेलं नाही."

कुणाचा विश्वास बसेना. आजारी माणूस असंच म्हणतो म्हणे. तेवढ्यात बायको पुढं आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं बांबूवरचा स्वेटर उचलला, बाही पिळून बघितली, वास घेतला.

"हा तुम्ही धुतलात?"

"चिखलात पडलो होतो."

"आणि वाळत कुठं घातलात?"

मग मी सगळं सांगितलं. चिखल, बदकं, बांबू, झोप. मावशीनं कपाळावर हात मारला आणि पिठाचे डाग तिथं उमटले. फेसवाला मटकन खाली बसला आणि हसायला लागला. त्याचं बघून दुसरा. मग सगळं अंगण. वैशाली रडता रडता हसत होती आणि माझ्या दंडावर बुक्क्या मारत होती. बबनराव तर खांबाला धरून उभे होते. त्यांनी वाडीच्या सगळ्यांनाही जेवायला बसवलं, हार आणून आधी मावशीच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "चालत तर हीच आली."

पंक्ती बसल्या. हिरामण माझ्या शेजारी. तो हसला नव्हता. भाकरी कुस्करता कुस्करता हळूच म्हणाला, "भाऊ, येक सांगू? उद्या खरंच कुनी तांबडं लावलं, अन् आमच्यातलं कुनी म्हनलं, असंल कुनाचं तरी कापड, तर?"

मी हातातला घास खाली ठेवला. हे मला त्यानं सांगायला हवं होतं? उगाच दाखवलेल्या लाल झेंडीनं काय होतं, हे त्या मांडवात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं माझं. फार मोठं चुकलं."

माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. पोस्टातल्या मानसाला झेंडीतलं काय कळतंय?"

बबनराव रश्श्याची बादली घेऊन नेमके समोर उभे होते. पळी हवेतच राहिली.

"पोस्टात? कोण पोस्टात?"

मी भाकरीत तोंड खुपसलं. पंक्तीच्या त्या टोकाकडून बायकोचा आवाज आला, अगदी शांत. "अहो, हे फाटकावर होते. तीस वर्षं. झेंड्या दाखवायला."

हिरामणनं माझ्याकडं बघितलं. मग त्यानं डोक्याला बांधलेलं पांढरं फडकं सोडलं, मांडीवर त्याची नीट घडी घातली आणि माझ्या पानाशेजारी ठेवलं.

"पुन्यांदा आलात तर ह्ये लावा," तो म्हणाला. "अन् हे बघा, पांढरं म्हंजी सवडीनं."

निवृत्त झालो तेव्हा ऑफिसनं माझ्याकडून दोन्ही झेंड्या मोजून परत घेतल्या होत्या आणि हातात भिंतीवरचं घड्याळ ठेवलं होतं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, त्यांनी घेतल्या ते बरं केलं. झेंडी मला हिरामणनं दिली, आणि ती कशी लावायची हेही त्यानंच शिकवलं. तीस वर्षं नोकरी करून झाल्यावर.